विश्लेषण : ‘आरोपी नाटक करतोय’ हे ठरवणार कोण? कोठडीतील मानसिक तपासणी म्हणजे नेमके काय?

अटक केलेल्या व्यक्तीला न्यायालयात नेण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात तिचे ‘मेडिकल’ केले जाते. नाडी, रक्तदाब, अंगावरच्या जखमा, जुने आजार यांची नोंद होते आणि बहुतेक वेळा शेवटी एक ओळ येते, ‘तक्रार नाही’. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला, थरथरणारा, विचारलेल्या प्रश्नाला दोन मिनिटांनी उत्तर देणारा माणूसही या ओळीखाली सही किंवा अंगठा करून कोठडीत परत जातो. तो जिवाचे बरेवाईट करील का, समोर काय चालले आहे हे त्याला कळते आहे का, आदल्या दिवशी जे घडले त्याचा त्याच्या मनावर काय परिणाम झाला आहे, हे विचारले जाईलच असे नाही. ही तपासणी कोणी, कधी आणि कशी करायची, कायदा याबाबत काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय होते, याचा हा आढावा.

प्रश्न किती गंभीर?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात पोलीस कोठडीत ८८ मृत्यू झाले. त्यात गुजरात २३ मृत्यूंसह पहिल्या आणि महाराष्ट्र २१ मृत्यूंसह दुसऱ्या क्रमांकावर होता. या मृत्यूंची कारणे सांगणाऱ्या तक्त्यात आजारपण आणि आत्महत्या हे दोन रकाने वर्षानुवर्षे मोठे राहिले आहेत. अर्थात हे रकाने पोलिसांनीच दिलेल्या माहितीवर भरलेले असतात. त्यातील किती आत्महत्या खरोखर आत्महत्या होत्या, हा वाद प्रत्येक प्रकरणात नव्याने उभा राहतो. १ मे २०२४ रोजी मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेच्या कोठडीत, अभिनेता सलमान खानच्या घराबाहेरील गोळीबाराच्या प्रकरणातील एका आरोपीचा मृत्यू झाला. शौचालयात गळफास घेतला, असे पोलिसांनी सांगितले; कुटुंबीयांनी त्यावर संशय घेतला.

या वादाच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट लागू पडते. मृत्यू मारहाणीमुळे झाला असेल तर राज्ययंत्रणा दोषी आहेच. पण ती खरोखर आत्महत्या असेल, तरी ती राज्ययंत्रणेच्या कुलपाआड घडलेली असते. ज्याच्याकडून पट्टा, बुटाची नाडी, मोबाइल, पैसे सगळे काढून घेतले आहे आणि ज्याला दार आतून उघडता येत नाही, त्याच्या जिवाची काळजी दाराबाहेर बसलेल्यांनीच घ्यायची असते. ‘त्याने स्वतःच केले’ एवढ्यावर ही जबाबदारी संपत नाही.

पहिले २४ तास का धोक्याचे?

जागतिक आरोग्य संघटनेने तुरुंगांतील आत्महत्या रोखण्यासाठी २००७ मध्ये मार्गदर्शिका काढली. तिच्यात अटकेनंतरच्या सुरुवातीच्या तासांवर आणि दिवसांवर विशेष भर आहे. शिक्षा भोगणारा कैदी निदान आपल्या नशिबाशी जुळवून घेण्याच्या वाटेवर असतो. नुकत्याच अटक झालेल्याला पुढे काय होणार, हेच माहीत नसते. घरी कळले का, नोकरी गेली का, बातमी छापून आली का, गल्लीत काय बोलत असतील, या विचारांत रात्र जाते. आपल्याकडे या भीतीला ‘अब्रू’ नावाचा आणखी एक पदर आहे. पहिल्यांदाच कोठडी पाहणारा शिकलेला माणूस, लैंगिक गुन्ह्याचा किंवा घरातल्याच व्यक्तीच्या खुनाचा आरोप असलेला माणूस, यांच्याबाबत अधिक सावध राहावे असे म्हणतात ते यामुळेच. सराईत गुन्हेगार आत येतो तेव्हा कुठल्या कोपऱ्यात वारा लागतो हेही त्याला ठाऊक असते.

धोक्याच्या वेळा याशिवायही असतात. जामीन फेटाळला गेल्याचा दिवस, चौकशीत एखादी मोठी गोष्ट उघड झाल्यानंतरची रात्र, नातेवाईक भेटायला आले आणि पाठ फिरवून गेले ती संध्याकाळ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यात एक भर घातली आहे. पूर्वी १५ दिवसांची पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या १५ दिवसांतच घ्यावी लागे. आता गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ती तुकड्यातुकड्याने घेता येते. म्हणजे तुरुंगात जाऊन थोडा स्थिरावलेला माणूस पुन्हा ठाण्यात येऊ शकतो. अशा प्रत्येक वेळी तपासणी नव्याने करायला हवी. ‘मागच्या वेळी केली होती’ हे उत्तर चालणार नाही.

आणखी एक धोका मनाचा वाटतो, पण तो शरीराचा असतो. रोज दारू पिणाऱ्याची दारू अटकेमुळे अचानक तुटते. सहा ते ४८ तासांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना घाम, थरथर, भिंतीवर किडे दिसणे, कोणीतरी मारायला येत असल्याचा भास, अशी अवस्था येते. उपचार न मिळाल्यास यात जीव जाऊ शकतो. नेमके याच वेळी तो माणूस ओरडतो, गजांवर डोके आपटतो. त्याला ‘वेड्याचे सोंग’ म्हणून दोन फटके देणे म्हणजे मरणाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णाला ढकलणे होय.

आघातग्रस्त माणूस कसा दिसतो?

तो रडेल, हात जोडेल, भेदरलेला दिसेल अशी आपली कल्पना असते. ती चित्रपटांनी दिली आहे. प्रत्यक्षात तीव्र धक्का बसलेला माणूस अनेकदा अगदी शांत असतो. इतका की समोरच्याला तो निगरगट्ट वाटतो. संकटात शरीर लढते किंवा पळते हे सर्वांना माहीत असते. पण दोन्ही शक्य नसेल तर ते गोठते, हे विसरले जाते. डोळे उघडे असतात, मान हलते, पण माणूस तिथे नसतो. ‘हे सगळे दुसऱ्याच कोणाला होत होते आणि मी लांबून पाहत होतो,’ असे अशा अवस्थेतून गेलेले लोक नंतर सांगतात.

स्मृतीचेही तसेच. धक्कादायक प्रसंग आठवणीत सलग साठवला जात नाही. रक्ताचा वास, पंख्याचा आवाज, चपलेचा रंग लख्ख आठवतो; पण आधी काय घडले आणि नंतर काय, किती वाजले होते, तिथे कोण होते, हे आठवत नाही. सकाळच्या जबाबात आणि संध्याकाळच्या जबाबात फरक पडतो. तपास अधिकाऱ्याला त्यात खोटेपणा दिसतो. कधी तो खोटेपणा असतोही. केवळ विसंगतीवरून ते ठरवता येत नाही, इतकेच.

समजा, वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या एका स्त्रीने एका रात्री नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला. पोलीस आले तेव्हा ती ओट्याजवळ बसून होती. ठाण्यात तिने चहा मागितला, मुलांना डबा कोण देणार म्हणून विचारले. ‘तिला जराही पश्चात्ताप नव्हता’ ही बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. मानसोपचारतज्ज्ञ याच वागण्याकडे पाहून म्हणेल, हिला आज रात्री एकटी ठेवू नका. तिसऱ्या दिवशी ती भानावर येईल, तेव्हा काय झाले हे तिला पहिल्यांदा कळेल.

गोठलेल्या माणसाचा चुकीचा अर्थ लावला तर काय होते, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. तिच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, यावरून सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. त्याविरोधात १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शरण जाणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या पत्रातला मुद्दा होता. मानसशास्त्र आज तेच वेगळ्या शब्दांत सांगते.

तपासणीत नेमके काय करतात?

पहिली पायरी शरीराची. डोक्याला मार, साखर उतरणे, ताप, दारू किंवा अमली पदार्थांचा अंमल, फिटचा आजार, यांतले काहीही मानसिक आजारासारखे दिसू शकते. बडबडणाऱ्या माणसाला थेट मनोरुग्ण ठरवण्याआधी त्याच्या डोक्यावर टेंगूळ आहे का, हे पाहावे लागते. हे साधे आहे, पण चुकते इथेच.

दुसरी गोष्ट एकांत. ज्याने कानाखाली मारली तोच शेजारी उभा असेल, तर ‘काही त्रास आहे का’ या प्रश्नाला उत्तर ठरलेले असते. पोलिसांनी नजरेच्या टप्प्यात पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर थांबावे, ही किमान अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने याचा धडा मुंबईच्याच प्रकरणात दिला होता. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्राची दखल घेत न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवले आणि त्या महिलांशी बोलताना दुसरे कोणीही उपस्थित नसावे, असे बजावले. १९८३ च्या या निकालानेच अटक झालेल्या व्यक्तीला कोठडीत छळ झाला का, हे दंडाधिकाऱ्यांनी स्वतः विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क तिला सांगावा, असा दंडक घातला.

मग बोलणे सुरू होते. तपासणारा आधी स्वतः कोण हे सांगतो, आपण पोलीस नाही हे सांगतो आणि कोणती गोष्ट आपल्यापाशी राहील व कोणती अहवालात लिहावी लागेल हेही सांगतो. शेवटचे सांगितले नाही तर ती फसवणूक ठरते. सुरुवात गुन्ह्यापासून करत नाहीत. जेवलात का, झोप लागली का, पाणी मिळाले का, घरी कोणाला कळवले, कोणती औषधे चालू होती, असे प्रश्न आधी येतात. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, इथे का आणले आहे, यावरून भान कळते. बोलण्याचा वेग, नजर, कपड्यांची अवस्था, दचकणे, हे विचारावे लागत नाही, पाहावे लागते.

आणि मग थेट प्रश्न : मरून जावे असे वाटते का? आत्महत्येबद्दल विचारले तर तो विचार डोक्यात घातला जातो, हा समज पोलिसांतच काय, डॉक्टरांतही आढळतो. अभ्यास तसे सांगत नाहीत. उलट कोणीतरी विचारले याने अनेकांना हायसे वाटते. कोलंबिया विद्यापीठातील तज्ज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेली सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी जगभर वापरली जाते आणि ती विचारण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही. झोपावे आणि उठूच नये असे वाटते का, जीव द्यायचा विचार आला का, कसा द्यायचा हे ठरवले का, तसे करण्याचा इरादा आहे का, त्याची तयारी केली का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, अशी ती पायरी पायरीने वर चढते. ‘कधीकधी जगावेसे वाटत नाही’ आणि ‘शौचालयाच्या खिडकीला गज आहे’ या दोन उत्तरांमधले अंतर तिने कळते. दुसरे उत्तर देणाऱ्याला कोठडीत परत नेता येत नाही.

तपासणारा माणसाला धरून ठेवणारे धागेही शोधतो. लहान मूल, आई, देवावरची श्रद्धा, उद्या वकील येणार ही आशा. यातला एखादा धागा साध्या फोनने घट्ट होतो. अटकेची माहिती नातेवाइकांना देणे हे कायदेशीर बंधन आहे. आघातग्रस्त माणसासाठी तो पहिला उपचारही ठरतो.

शेवटी निर्णय. नेहमीची देखरेख पुरेशी आहे, की सतत कोणी जवळ हवे, की आत्ताच रुग्णालयात हलवायचे? तपासणीचे फलित म्हणजे या प्रश्नाचे लेखी, तारीख-वेळेसह उत्तर आणि पुन्हा कधी तपासायचे याची नोंद. ‘मानसिकदृष्ट्या ठीक’ हे दोन शब्द पुढच्या पाळीच्या गार्डला काहीच सांगत नाहीत.

ही ‘नार्को’सारखी चाचणी आहे का?

अजिबात नाही, आणि या दोहोंत गल्लत होता कामा नये. गाजलेल्या खुनाच्या प्रकरणांत ‘आरोपीची मानसशास्त्रीय चाचणी’ अशा बातम्या येतात. त्या पॉलिग्राफ, नार्को, ब्रेन मॅपिंग या तपासाच्या साधनांबद्दल असतात. त्यांचा हेतू माहिती काढणे हा असतो. २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करणे घटनाबाह्य ठरवले. इथे आपण बोलत आहोत ती तपासणी जीव वाचवण्यासाठी आहे. आरोपी खरे बोलतो की खोटे, गुन्हा केला की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. गुन्ह्याच्या वेळी तो भानावर होता का, खटल्याला सामोरे जाण्याइतका सक्षम आहे का, हेही वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे सवडीने, न्यायालयासमोर मिळतात. एकाच मानसशास्त्रज्ञाने सकाळी धीर द्यायचा आणि दुपारी तपास अधिकाऱ्याला ‘कुठे बोट ठेवले की तो बोलेल’ हे सांगायचे, असे झाले तर त्या तपासणीवर कोणीही विश्वास ठेवणार नाही.

तपासाला तिचा उपयोग नाही असेही नाही. खचलेला, झोप न मिळालेला माणूस समोरच्याला हवे ते कबूल करतो. कबुलीजबाबांच्या मानसशास्त्रात ज्यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते ते गिस्ली गुडजॉन्सन तरुणपणी आइसलंडमध्ये पोलीस होते. तेथे एका माणसाने त्यांच्यासमोर चोरीची कबुली दिली आणि नंतर कळले की चोरी झालीच नव्हती. पुढे आयुष्यभर त्यांनी अशा कबुल्या का दिल्या जातात, यावर काम केले. आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही. पण तिच्या मागे धावताना तपास भरकटतो आणि खरा गुन्हेगार बाहेर राहतो.

कायदा काय म्हणतो?

तुकड्यातुकड्यांनी बरेच काही म्हणतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी बंधनकारक आहे. आणखी एक तपासणी गरजेची वाटल्यास डॉक्टर ती करू शकतात आणि अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या व्यक्तीला द्यावी लागते. कलम ५६ प्रमाणे कोठडीतील व्यक्तीच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे कोठडीप्रमुखाचे कर्तव्य आहे. त्यात ‘शारीरिक’ असा शब्द नाही. मनाचे आरोग्यही त्यात येते, असाच अर्थ घ्यायला हवा. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीचा नियम घालून दिला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम १०० पोलिसांसाठीच आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरू शकणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यावे, जास्तीत जास्त २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण ही तरतूद ‘संरक्षणात’ घेतलेल्यांसाठी आहे, गुन्ह्यात अटक केलेल्यांसाठी नाही. शिवाय दोन दिवसांपूर्वी डोळ्यांसमोर भाऊ मेलेला पाहणारा माणूस कायद्याच्या व्याख्येतील ‘मानसिक रुग्ण’ असेलच असे नाही. तीव्र आघाताची पहिली प्रतिक्रिया हा आजार मानला जात नाही. प्रसंगानंतरच्या मानसिक आघाताच्या विकाराचे निदानही साधारण महिनाभराने होते. त्यामुळे ज्याला सर्वाधिक धोका आहे तोच कायद्याच्या दोन खुर्च्यांमध्ये खाली पडतो. दंडाधिकारी त्याला तपासणीसाठी मानसिक आरोग्य संस्थेत दहा दिवसांपर्यंत पाठवू शकतात. पण त्यासाठी कोणीतरी ते त्यांच्या कानावर घालायला हवे.

याहून विचित्र गुंता आत्महत्येच्या प्रयत्नाबाबत आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, उलट सरकारने तिची काळजी घ्यावी. जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत वगळले गेले. मात्र कलम २२६ आले. लोकसेवकाला त्याचे कर्तव्य करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत साधी कैद होऊ शकते. कोठडीत गळफास लावून घेताना वाचवलेल्या माणसावर ‘पोलिसांवर दबाव आणण्यासाठी केले’ म्हणून नवा गुन्हा नोंदवणे यामुळे कागदावर शक्य झाले आहे. तसे करणे हे कलम ११५ च्या मूळ हेतूला हरताळ फासणारे ठरेल.

छळ झाल्याचा आरोप असेल तर?

तेव्हा मानसिक तपासणी हा पुरावाही होतो. यासाठी ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ ही संयुक्त राष्ट्रांची नियमपुस्तिका आहे. ती १९९९ मध्ये तयार झाली आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. अंगावर वळ नाहीत म्हणजे छळ झाला नाही असे नव्हे, हे तिचे सूत्र. झोपू न देणे, घरच्यांना उचलून आणण्याची धमकी, नग्न करणे, यांचे वळ उठत नाहीत. व्यक्तीने सांगितलेली हकिगत आणि तिच्यात दिसणारी लक्षणे कितपत जुळतात, हे तज्ज्ञ लिहितात. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. छळाविरुद्धचे स्वतंत्र विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळले. विधी आयोगाने २०१७ मध्ये पुन्हा शिफारस केली. तीही कागदावरच आहे.

ठाण्यातल्या हवालदाराने काय करायचे?

मानसोपचारतज्ज्ञ रात्री दोन वाजता तालुक्याच्या ठाण्यात येणार नाही, हे उघड आहे. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर जिल्हा रुग्णालयात असतो. तेव्हा पहिली ओळख पटवण्याचे काम ठाणे अंमलदार आणि कोठडीचा गार्ड यांच्यावरच येते. ते जमण्यासारखे आहे. मात्र त्यांना ते कोणी शिकवायला हवे.

सध्या भीती उलट दिशेने काम करते. कोठडीत मृत्यू झाला की पहिले निलंबन गार्डवरच्या शिपायाचे होते. म्हणून संशयास्पद वाटणाऱ्या आरोपीकडून सारे काढून घेऊन त्याला एकटे टाकणे सुरक्षित वाटते. तज्ज्ञांचा सल्ला नेमका याच्या उलट आहे. एकटेपणा धोका वाढवतो. दुसऱ्या, शांत आरोपीसोबत ठेवणे, ठरावीक वेळी न जाता अधूनमधून चक्कर मारणे, नावाने हाक मारून दोन शब्द बोलणे याचा उपयोग अधिक. सीसीटीव्हीवर भिस्त ठेवणेही फसवे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला तो योग्यच, पण कॅमेरा घडलेले दाखवतो. पडद्यासमोर कोणी जागे नसेल तर थांबवत काहीच नाही. आणि शौचालयाच्या आत कॅमेरा नसतो, नसावाही. म्हणून तिथल्या खिडकीचा गज, नळाची उंची, दाराची कडी यांकडे आधीच लक्ष द्यावे लागते.

मुंबईसारख्या शहरात आणखी एक अडचण आहे. प्रत्येक ठाण्याला स्वतःची कोठडी नसते. चौकशी एका ठाण्यात होते, रात्री आरोपी दुसरीकडच्या जनरल लॉकअपमध्ये जातो. त्याने दिवसा काय काय म्हटले हे रात्रीच्या गार्डला माहीत नसते. आरोपीसोबत जाणाऱ्या कागदात धोक्याची एक ओळ लिहिण्याला खर्च शून्य आहे.

इतर देशांत काय व्यवस्था?

ब्रिटनमध्ये बदल घडला तो एका चुकीच्या शिक्षेतून. १९७२ मध्ये लंडनमधील कॉन्फेट खून खटल्यात तीन मुलांनी कबुली दिली. त्यांतील एकाची बौद्धिक वाढ लहान मुलाइतकीच होती. १९७५ मध्ये शिक्षा रद्द झाल्या, चौकशी झाली आणि १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा आला. त्याच्या नियमांनुसार कोठडी अधिकारी प्रत्येकाची जोखीम तपासतो आणि मानसिकदृष्ट्या नाजूक व्यक्तीच्या चौकशीत पोलिसांशी संबंध नसलेली एक प्रौढ व्यक्ती सोबत बसते. अनेक ठाण्यांत परिचारिका असतात. तरीही तिथे कोठडीत मृत्यू होतात. अर्ज भरला म्हणजे माणूस पाहिला असे होत नाही, ही तक्रार तिथेही आहे.

आपल्याला सगळे बाहेरूनच आणावे लागेल असे नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसू शकतात, हे त्याने चाळीस वर्षांपूर्वी दाखवून दिले. तो पीडितांसाठी आहे. अटकेतल्यांसाठी तसा माणूस ठाण्यात नाही.

घरच्यांनी काय करावे?

जवळच्या व्यक्तीला अटक झाल्याचे कळले आणि तिला मानसिक आजार असेल, पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, दारूचे व्यसन असेल किंवा नुकताच घरात मोठा आघात झाला असेल, तर ते तोंडी सांगून थांबू नये. दोन ओळींचा अर्ज लिहून ठाण्यात द्यावा, पोच घ्यावी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची नावे जोडावीत. फिटची आणि मानसिक आजाराची औषधे एकाएकी बंद झाली तर धोका असतो, हे अर्जात लिहावे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत मदत मिळते. न्यायालयात हजर करताना वकिलाने मानसिक तपासणीची मागणी लेखी करावी आणि ती रिमांडच्या आदेशात नोंदवून घ्यावी. आपल्या माणसाशी कसे बोलावे, हे कळत नसेल तर ‘टेली मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, ती मराठीतही बोलते. भेटीची पाच मिनिटे मिळाली तर ‘तू हे का केलेस’ हा प्रश्न राहू द्यावा. जेवलास का, झोपलास का, एवढे विचारावे आणि पुन्हा कधी येणार ते सांगून निघावे.